तांब्याचं माप

मुंबईहून तो बसच्या डिकीत आला,
थर्माकोलच्या खोक्यात, दुसऱ्यांच्या सुटकेसांखाली.
तीन इमलीच्या चौकात पहाटे मी खोकं कानाला लावलं.
आत पाणी हललं, एवढंच.

पिवळा टँग. तळहाताएवढा, लिंबाच्या सालीचा.
हॉलमधल्या मोठ्या टाकीत त्याला लगेच सोडायचं नाही,
हे मी एकदाच शिकलो. फी पडली नऊ मासे,
त्यातला एक क्लाऊन लेकीच्या बारावीपासूनचा.
त्या वेळी आणलेला नवा मासाही
दिसायला धडधाकटच होता.

म्हणून मागची खोली.
शिलाई मशीन सरकवून मांडलेली उघडी काच,
ना वाळू, ना दगड, ना प्रवाळ.
लपायला पांढऱ्या पाइपचा तुकडा,
प्लंबर विसरून गेलेला.
जाळी वेगळी, बादली वेगळी, टॉवेल वेगळा,
आणि तिकडून इकडे येताना
कोपरापर्यंत धुतलेले माझे हात.
मृदुला म्हणते, आमच्या आत्याचं सोवळंसुद्धा
इतकं कडक नव्हतं हो.

पाणी नर्मदेचं.
पंपांनी डोंगर चढवून आणलेली नदी,
एक दिवसाआड, पहाटे पाऊण तास.
ती निघालेली असते भडोचकडे, समुद्राला भेटायला.
आम्ही तिला अर्ध्या वाटेवरून वर बोलावतो,
मी गाळून घेतो, आणि मीठ मिसळतो,
लिटरला पस्तीस ग्रॅम.
शिलाई मशीनच्या शेजारी
तिची नि समुद्राची गाठ पडते.

चौथ्या दिवशी अंगावर पांढरे कण.
जणू तेच मीठ कातडीवर उठलं.
त्या दिवसापासून पाण्यात तांबं,
आणि त्या दिवसापासून मोजणी.

माझा धंदा तराजूंचा.
सियागंजच्या दुकानांचे काटे तीस वर्षं जुळवतोय.
कमी पडलं तर रोग हसतो,
जास्त झालं तर मासाच जातो,
मधली जागा केसाएवढी.
म्हटलं, केसाएवढ्या जागेवरच तर
माझं घर चाललंय.

तीन दिवसांनी कण गेले.
"बरा झाला की!" मृदुला म्हणाली.
नाही गं. ते फक्त खाली उतरतात,
तळाशी गोळी होऊन बसतात,
एकाचे शंभर होतात आणि पुन्हा चढायला बघतात.
ती बराच वेळ टाकीच्या तळाकडे बघत राहिली.
तिथे काहीच दिसत नव्हतं.

तो खाईना.
रोज क्लिपला शेवाळाचा नवा तुकडा,
रोज संध्याकाळी तोच तुकडा, लिबलिबीत, केराच्या डब्यात.
मग एका दुपारी दुकानात फोन वाजला.
मृदुला कुजबुजत होती, जणू त्याला ऐकू जाईल:
"टोक ओढलं. थुंकलं. परत ओढलं. जेवतोय."
गिऱ्हाईक समोर, काटा माझ्या हातात,
आणि मी विसरलो
कुठलं पारडं वर होतं.

कॅलेंडरवर ती पेन्सिलीने आकडे घालत गेली.
अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

एकतिसाव्या सकाळी शेपटीपाशी एक कण.
एकच.
मी कुपी भरली, थेंब टाकले, हलवली,
रंगपट्टीला लावली. बरोबर होती.
पुन्हा केली. बरोबर.
तेवढ्यात तिने वाळत घालायच्या कपड्यांसाठी मागचं दार उघडलं,
ऊन आत आलं,
आणि माझ्या हातातला निळा
दोन घरं फिका निघाला.

महिनाभर मी तो पिवळ्या बल्बखाली वाचत होतो.
काटा उजेडात बघा शेठ,
हे मी किती दुकानदारांना सुनावलं असेल.

मासा पाइपच्या तोंडाशी आला,
कल्ले उघडत, मिटत, उघडत.
मी दारात, उन्हात उभा राहून
नव्याने थेंब मोजायला घेतले.
मृदुलाने खोडरबर शोधलं, मशीनच्या खणात, रद्दीमागे,
मिळालं नाही.
मग मागचे तीस आकडे तसेच ठेवून
आजच्या चौकटीत तिने लिहिलं
१